पाच रात्री, सहा दिवस नकोत. थंडीत एकाच गावी महिनाभर राहा

प्रति,
संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी सरली की वर्तमानपत्रांत थंडीतल्या परदेशी सहलींच्या जाहिराती सुरू होतात. पाच रात्री, सहा दिवस, चार शहरे. त्याच सुमारास सातारा, कराड, सांगली, मिरजेतल्या अनेक घरांत वेगळी तयारी चाललेली असते. मुलगा जर्मनीत, मुलगी कॅनडात. त्यांना नाताळची सुट्टी, म्हणून आई-वडिलांनी तेव्हाच तिकडे जायचे. आमच्या मते या दोन्ही बेतांत ज्येष्ठांचे हाल आहेत. मुलांनीही हिवाळ्यातून बाहेर पडावे, आई-वडिलांनीही निघावे आणि थायलंडमध्ये एकाच गावी तीन-चार आठवडे एकत्र राहावे, हा पर्याय अधिक सोयीचा आहे. तो कसा जमवायचा ते लिहितो.

डिसेंबरात बर्लिनला सूर्य सव्वाआठच्या सुमारास उगवतो आणि दुपारी चारच्या आत मावळतो. पदपथावर बर्फ गोठलेले असते. साठी-सत्तरीच्या माणसाचा पाय घसरला की खुब्याचे हाड जाते. हीटरच्या कोरड्या हवेत खोकला हटत नाही आणि मुले कामावर गेली की दिवसभर खिडकीशी बसणे एवढेच उरते. उलट जर्मनीत पाच दिवसांचा आठवडा असलेल्या नोकरदाराला कायद्यानेच वर्षाला किमान २० दिवस भरपगारी रजा मिळते. फ्रँकफर्टहून बँकॉकला थेट विमान अकरा तासांच्या आसपास घेते, मुंबईहून साडेचार. आई-वडिलांना युरोपच्या शेंगेन व्हिसाची तारीख मिळवत बसावे लागत नाही. भारतीय पासपोर्टवर थायलंडमध्ये ६० दिवसांपर्यंत व्हिसा नको, असा नियम १५ जुलै २०२४ पासून झाला. असे नियम मध्येच बदलतात, तेव्हा तिकीट काढण्याआधी थाई दूतावासाच्या संकेतस्थळावर ताजी मुदत पाहावीच. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून अधिक उरलेली असावी. १ मे २०२५ पासून तिथे उतरणाऱ्या प्रत्येक परदेशी माणसाला आगमनाचा डिजिटल फॉर्म भरावा लागतो. तो पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांतच भरायचा असतो आणि फुकट असतो. पैसे मागणारे संकेतस्थळ दिसले तर ते सरकारी नव्हे.

आता गाव कोणते निवडायचे. इथेच बहुतेकांचे चुकते, कारण ‘थायलंडला हिवाळ्यात हवा छान’ हे वाक्य अर्धेच खरे आहे. आपल्याकडे महाबळेश्वर, पाटण पावसाने झोडपले जात असताना माण, खटाव, जत कोरडे राहतात. सह्याद्री वारे अडवतो म्हणून. थायलंडच्या दक्षिणेकडच्या चिंचोळ्या भूभागातही डोंगररांगा आहेत आणि तिथेही तेच घडते, फक्त दिशा उलटी. ज्या ईशान्य मोसमी वाऱ्यांनी चेन्नईला पाऊस पडतो, त्याच वाऱ्यांनी ऑक्टोबर ते डिसेंबर थायलंडच्या आखाताकडचे सामुई बेट भिजते. नोव्हेंबर तिथे सर्वांत वाईट. त्याच वेळी पलीकडचा अंदमान समुद्राचा किनारा, म्हणजे क्राबी, त्रांग, फुकेत, कोरडा होत जातो आणि डिसेंबर ते मार्च तिथे उत्तम हवा असते. सामुईचे फोटो पाहून नोव्हेंबरचे आरक्षण केले तर खोलीत बसून पाऊस पाहावा लागेल.

उत्तरेकडचे चिआंग माय डिसेंबर-जानेवारीत सुरेख असते. दुपारी अठ्ठावीस-तीस अंश, रात्री पंधराच्या आसपास, म्हणजे साताऱ्याच्या थंडीशी मिळतेजुळते. सांधेदुखीसाठी ऊब शोधणाऱ्यांनी तिथे जाऊ नये. दम्याच्या रुग्णांनी तर फेब्रुवारीच्या मध्यानंतर अजिबात जाऊ नये. मक्याची धाटे आणि जंगलातला पालापाचोळा जाळण्याचा तो हंगाम. शहर डोंगरांच्या खोलगटात असल्याने धूर एप्रिलपर्यंत निघत नाही. उसाचे पाचट पेटल्यावर संध्याकाळी कृष्णाकाठी काय होते ते ज्यांनी अनुभवले आहे, त्यांना अधिक सांगायला नको.

ज्येष्ठांसाठी आम्ही हुआ हिन सुचवतो. बँकॉकपासून सुमारे २०० किलोमीटर, रेल्वे आहे आणि सुवर्णभूमी विमानतळावरून थेट बसही आहे. पश्चिमेच्या डोंगरांमुळे पाऊस कमी. हिवाळ्यात वारा असतो आणि समुद्र थोडा खवळलेला, त्यामुळे पोहण्याची हौस असेल तर क्राबी बरे. पण सकाळ-संध्याकाळ सपाट वाळूवर चालण्यासाठी हुआ हिनसारखी जागा नाही. राजा प्रजाधिपोक यांनी १९२० च्या दशकात इथे बांधलेल्या राजवाड्याचे नाव ‘क्लाय कांगवोन’, म्हणजे चिंतेपासून दूर. १९३२ साली राजाची निरंकुश सत्ता संपवणारी क्रांती झाली, तेव्हा ते याच गावी होते.

घर महिन्याने घ्यावे. दिवसाच्या दराच्या तीस पटीपेक्षा महिन्याचे भाडे बरेच कमी पडते. शिवाय २००४ च्या तिथल्या हॉटेल कायद्यानुसार हॉटेल परवाना नसलेल्या सदनिका तीस दिवसांपेक्षा कमी मुदतीने भाड्याने देता येत नाहीत. आठवड्यासाठी स्वस्तात फ्लॅट मिळतोय म्हणून कुणी घेतला, तर इमारतीच्या दारात अडवले जाण्याची शक्यता असते. तीन आठवडेच राहायचे असेल तर परवाना असलेले सर्व्हिस अपार्टमेंट पाहावे. परदेशी पाहुणा आल्याची नोंद चोवीस तासांत इमिग्रेशनकडे करणे ही घरमालकाची जबाबदारी आहे; केली का, हे शांतपणे विचारून घ्यावे. विजेचा दर आधी विचारावा, कारण मालक सरकारी दराच्या जवळजवळ दुप्पट लावतात आणि एसीमुळे बिल फुगते. पहिल्याच दिवशी मीटरच्या आकड्याचा आणि भिंती-फर्निचरच्या ओरखड्यांचा फोटो काढून ठेवला की अनामत परत मिळताना वाद होत नाही.

स्वयंपाकघरात बहुधा इंडक्शनची शेगडी असते. घरून नेलेला अॅल्युमिनियमचा कुकर तिच्यावर तापत नाही. इंडक्शनच्या बुडाचा स्टीलचाच न्यावा. पिवळी मूगडाळ तिथे ‘थुआ थोंग’ नावाने मिळते, कारण थाई लोक तिचे गोड पदार्थ करतात. ‘होम माली’ तांदूळ आपल्या इंद्रायणीसारखा मऊ आणि वासाचा. वाटीला सव्वा वाटी पाणी पुरते, दोन वाट्या घातले तर लगदा होतो. हिंग, गोडा मसाला, मेतकूट घरून न्यावे. नळाचे पाणी पिऊ नये. गल्लोगल्ली पाण्याची यंत्रे असतात, एका बाहतला साधारण लिटरभर मिळते.

बाहेर खाताना शाकाहारी माणसाची फसगत एका ठरावीक कारणाने होते. ‘मांस नको’ म्हटले की स्वयंपाकी मांस खरोखरच घालत नाही, पण माशाचा रस, म्हणजे ‘नाम प्ला’, घालतो. त्याच्या लेखी ते मीठ आहे. परतलेल्या भाजीत कालवांचे सॉस असते, कच्च्या पपईच्या कोशिंबिरीत सुकी कोळंबी. म्हणून ‘जे’ हा शब्द पाठ करावा. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरांत तो लिहिलेला असतो आणि थाई लिपीत तो इंग्रजी आकड्यांतल्या सतरासारखा दिसतो. ‘जे’ जेवणात मांस, मासे, अंडी, दूध यांतले काही नसते आणि कांदा-लसूणही नसतो. सांगली भागातल्या जैन कुटुंबांना त्यामुळे ते खूप सोयीचे. मात्र बटाटा, गाजर, मुळा असतात, तेवढे विचारावे. दुसरा शब्द ‘मांगसविरत’. आपलाच मांस-विरती, पण त्यात अंडे चालते असे तिथे धरतात.

आता खरा मुद्दा, तिथल्या माणसांचा. थाई लोक संथ असतात म्हणजे आळशी असतात असे नाही. पहाटे भिक्षू भिक्षेला निघतात तेव्हा बाजार कधीचा लागलेला असतो. संथपणा कामात नसून बोलण्यात आणि रागाला जागा न देण्यात आहे. ‘जाय येन’ म्हणजे थंड मन. तो तिथे मोठा गुण मानतात. आवाज चढवल्याशिवाय काम होत नाही अशी आपल्याला सवय लागलेली असते. तिथे आवाज चढला की काम थांबते, कारण चारचौघांत ओरडणाऱ्याचीही आणि ऐकणाऱ्याचीही शोभा होते. एसी बिघडला तर हसून सांगावे, फोनमधला फोटो दाखवावा, तासाभराने पुन्हा विचारावे. याने काम होते.

‘माइ पेन राय’ हे शब्द दिवसातून पन्नासदा कानावर येतील. असू दे, काही हरकत नाही, असा अर्थ. पण यात एक खोच आहे. त्यांच्याकडे ‘क्रेंग जाय’ नावाची भावना असते. त्याला आपल्या भाषेत अगदी नेमका शब्द आहे, भीड. समोरच्याला तोंडावर नाही म्हणायची त्यांना भीड पडते. त्यामुळे ‘उद्या गाडी येईल ना?’ या प्रश्नाला हसरा होकार मिळतो आणि गाडी येत नाही. होय-नाहीचे प्रश्न टाळून ‘गाडी किती वाजता, कुणाची, फोन नंबर काय’ असे विचारावे. आकडा सांगता आला नाही तर गाडी नाही असे समजावे. हे कळायला दहा दिवस जातात, आणि म्हणूनच सहा दिवसांच्या सहलीत या संस्कृतीची ओळख होत नाही. बसमधून उतरणाऱ्याला तिथले फक्त हसू दिसते.

वयाचा मान मात्र पहिल्याच दिवसापासून मिळतो. आपण अनोळखी माणसाला दादा, मावशी म्हणतो तसे तेही नात्याने हाक मारतात. थोड्या मोठ्याला ‘पी’, आई-वडिलांहून मोठ्या पुरुषाला ‘लुंग’, बाईला ‘पा’. बोलताना पुरुषांनी वाक्याशेवटी ‘ख्रप’, बायकांनी ‘खा’ म्हणावे. कुणाच्याही डोक्याला हात लावू नये, लहान मुलाच्याही. पाय बुद्धमूर्तीकडे करू नयेत, बायकांनी भिक्षूंना स्पर्श करू नये. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला राष्ट्रगीत लागले की उभे राहावे. राजघराण्याबद्दल वावगे बोलणे, समाजमाध्यमांवर लिहिणेसुद्धा, गुन्हा आहे आणि शिक्षा तीन ते पंधरा वर्षांची.

‘नुआद थाई’ या मालिशीचा युनेस्कोने २०१९ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला. ती अंग ताणून, दाबून करतात, म्हणून हाडे ठिसूळ झालेल्यांनी आणि रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी अंगाची मालीश टाळावी. पायाची घ्यावी आणि ‘बाव बाव’, म्हणजे हलक्या हाताने, म्हणावे.

औषधांबाबत हयगय नको. मुक्कामाचे दिवस अधिक सात, इतक्या दिवसांच्या गोळ्या मूळ वेष्टनात, हातातल्या पिशवीत. इन्सुलिन मोठ्या सामानात देऊ नये. बॅग हरवू शकते आणि विमानाच्या पोटात ते गोठू शकते. झोपेच्या आणि चिंतेच्या काही गोळ्या (अल्प्राझोलाम, झोल्पिडेम) आणि कोडीन असलेली औषधे तिथे नियंत्रित आहेत. त्यांचा तीस दिवसांहून अधिक साठा नेऊ नये, डॉक्टरांचे इंग्रजी पत्र सोबत असावे आणि काहींसाठी आधी परवाना लागतो, तो निघण्याच्या महिनाभर आधीच तपासावा. विमा काढताना मधुमेह, रक्तदाब लपवू नये. दावा नेमका त्याच कारणाने फेटाळला जातो. तिथे विकत घेतलेल्या औषधावर किंवा दुधावर मुदत २५६९ दिसली तर दचकू नये. थाई वर्ष आपल्यापेक्षा ५४३ ने पुढे, म्हणजे ते २०२६. पुष्कळदा नुसते ६९ छापतात.

एटीएममधून परदेशी कार्डाने पैसे काढले की दर वेळी २२० बाहत किंवा अधिक कापतात, म्हणून थोडे थोडे न काढता एकदम काढावेत. ‘रुपयांत हिशेब करू का’ असे यंत्राने विचारले तर नकार द्यावा, तो दर नेहमी तोट्याचा. मुलांना स्कूटर चालवायची असेल तर आंतरराष्ट्रीय परवाना लागतो, त्यावर दुचाकीची नोंद हवी. ज्यांचा परवाना एमएच-११ किंवा एमएच-१० चा आहे, त्यांना तो इथल्याच आरटीओत मिळतो. त्याशिवाय अपघात झाला तर विमा कंपनी पैसे देत नाही. समुद्रात लाल झेंडा असेल तर उतरू नये. ओढीत सापडल्यास किनाऱ्याकडे जोर न लावता किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर यावे.

संपादक महोदय, आपल्या दैनिकाला एक विनंती. थंडीतल्या पर्यटनावर लिहिताना देशाचे नाव न देता गाव आणि महिना अशी जोडी द्यावी, सोबत तिथला पाऊस, रात्रीचे तापमान आणि धुराचा हंगाम छापावा. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात छापले तर डिसेंबरची तिकिटे काढणाऱ्यांना वेळेत उपयोग होईल.

आपले,
थंडीत परदेशी राहून येणारे काही वाचक,
सातारा व सांगली