मिक्सरच्या खोक्यावर वॉट असतात, डेसिबल का नाहीत?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी जवळ आली की वर्तमानपत्रांत फटाक्यांच्या आणि डीजेच्या आवाजावर लिहून येते. यायलाच हवे. पण त्याच दिवसांत कितीतरी बायका स्वयंपाकघराचे दार लोटून तासन्‌तास मिक्सर आणि घरघंटी चालवत असतात. त्याबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून हे पत्र.

मी अठरा वर्षे घरी चटण्या, मेतकूट आणि भाजणी करून विकते. ऑर्डरींच्या दिवसांत संध्याकाळी कानाला दडे बसायचे आणि घर झोपले की कानात सूं असा आवाज सुरू व्हायचा. सकाळी थांबायचा, म्हणून मनावर घेतले नाही. पुढे नातीचे फोनवरचे बोलणे अर्धवट कळू लागले. स, श असलेले शब्द निसटायचे. शेवटी तपासणी केली, तर 4000 हर्ट्झच्या आसपास, म्हणजे बारीक, उंच आवाजांपाशी, आलेख खचलेला. मोठ्या आवाजाची इजा बहुधा तिथेच आधी दिसते आणि गेलेले ऐकू परत येत नाही, असे तपासणाऱ्या बाईंनी सांगितले.

मग मुलाने आवाज मोजायचे छोटे यंत्र आणून दिले. कानाच्या उंचीवर धरून मोजले. कोरड्या मसाल्याला मिक्सर 91 डेसिबल, घरघंटी 86, मधले दार लावून बैठकीत 68. हे माझ्या ओट्यावरचे आकडे. भांडे, माल आणि खोली बदलली की तेही बदलतील. फोनवरच्या अ‍ॅपनेही अंदाज येतो, पण फोनचा माइक बोलण्यासाठी बनवलेला, त्यामुळे चार-पाच डेसिबल इकडेतिकडे होतात. अ‍ॅपमध्ये ‘ए’ मापन (माणसाच्या कानाला जसे ऐकू येते त्याप्रमाणे मोजणारे) निवडावे आणि फोन ओट्यावर ठेवू नये, कारण ओटाच थरथरतो.

85 आणि 91 मध्ये फार फरक नाही असे मलाही वाटले होते. पण डेसिबलची मोजणी सरळ चढत नाही. तीन डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. कामगारांसाठी अमेरिकेतील ‘नायॉश’ ही संस्था 85 डेसिबलला दिवसाचे जास्तीत जास्त आठ तास सुचवते, 88 ला चार आणि 91 ला दोनच. मी दिवाळीआधी रोज चार तास मिक्सरपाशी उभी असायचे. कारखान्यात कानात घालायला आवाज अडवणारी बोंडे (इअरप्लग) देतात. घरच्या बाईला कोण देणार? यंत्र नसेल तर एवढे पाहावे: हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर आवाज 85 च्या आसपास किंवा वर गेलेला आहे.

निवासी भागासाठी 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे, पण ती परिसराची. पर्यावरण (संरक्षण) नियमांत घरगुती उपकरणांनाही उत्पादनाच्या टप्प्यावरच्या मर्यादा घातल्या गेल्या: फ्रिजला 46, एअर कूलरला 60, एक ते दीड टनाच्या खिडकीच्या एसीला 68. त्या यादीत मिक्सर नव्हता. ज्या यंत्रापाशी बाई सगळ्यात जवळ उभी असते, तेच राहून गेले.

नवा मिक्सर घ्यायला गेले तेव्हा पाच-सहा खोकी वाचली. 500 वॉट, 750 वॉट, भांडी किती, वॉरंटी किती, सगळे होते. आवाजाचा आकडा एकावरही नव्हता. युरोपात कपडे धुण्याच्या यंत्राच्या लेबलवर तो छापावा लागतो. आपल्याकडे मिक्सर आणि घरघंटीवर तो सक्तीचा करावा, अशी माझी केंद्र सरकारकडे मागणी आहे. तोपर्यंत मी वीस मिनिटांनी मिक्सर बंद करते, त्याच्याखाली जाड रबरी चटई घालते आणि कानात बोंडे घालूनच दळते. शेजारच्या सुनेलाही दोन बोंडे दिली आहेत. तिचे वय अठ्ठावीस आहे आणि तिने यंदाच लाडूंच्या ऑर्डरी सुरू केल्या आहेत.

आपली नम्र,
एक गृहउद्योजिका, सांगली