कासवांची अंडी वाचली, आता किनारा वाचवा

प्रति,
मा. पर्यावरण व वातावरणीय बदल मंत्री,
महाराष्ट्र राज्य

मंत्रीमहोदय, सप्रेम नमस्कार.

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. पहाटे साडेपाचला कासवमित्रांबरोबर, म्हणजे कासवांची घरटी राखणाऱ्या गावकऱ्यांबरोबर, आमच्या किनाऱ्यावर चालत होते. ओल्या वाळूत कासवाच्या मादीचा ताजा माग दिसला. पाण्यातून निघालेला तो माग सरळ वर गेला आणि धूपप्रतिबंधक बंधाऱ्याच्या दगडांना टेकला. तिथून पंधरावीस पावलं दगडांच्या कडेकडेने सरकला आणि परत समुद्राकडे वळला. बरोबरच्या कासवमित्राने बराच वेळ वाळू चाचपून पाहिली. घरटं नव्हतं. "आली होती, पण तिला जागाच मिळाली नाही," एवढंच तो म्हणाला. त्याच्या या एका वाक्यामुळे मी आपल्याला लिहिते आहे.

कोकणाने कासवांसाठी काय केलं, हे आपल्याला ठाऊक आहेच. 2002 साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने वेळासला काम सुरू केलं, तेव्हा घरटी उकरून अंडी खाणं-विकणं ही किनाऱ्यावरची नेहमीची बाब होती. आज वेळास, आंजर्ले, हरिहरेश्वर, गुहागर, वायंगणी इथली माणसं थंडीत रात्र-रात्र जागून घरटी राखतात. वन विभाग आणि कांदळवन कक्ष त्यांच्या पाठीशी आहेत. 2022 च्या जानेवारीत वेळासच्या किनाऱ्यावर 'प्रथमा' नावाच्या मादीच्या पाठीवर, ती समुद्रात कुठे फिरते ते कळावं म्हणून, उपग्रह टॅग बसला. 2021 साली ओडिशात टॅग लावलेली एक मादी 2025 मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. अवघ्या भारताला वळसा घालून ती आमच्या वाळूत आली होती. हे सगळं मला फार अभिमानाचं वाटतं.

पण या यशाने एक गोष्ट झाकून टाकली आहे. आपण अंडी वाचवतो, जागा वाचवत नाही. घरटं सापडलं की कुत्री-कोल्ह्यांच्या भीतीने शंभरेक अंडी अलगद उचलून हॅचरीत, म्हणजे किनाऱ्यावरच्या कुंपण घातलेल्या राखीव जागेत, पुरतात. दीड-पावणेदोन महिन्यांनी पिल्लं बाहेर येतात, लोक टाळ्या वाजवतात. मूळ जागेवर मात्र त्या सकाळनंतर काहीच उरत नाही. मग तिथे उद्या कुणी तंबू ठोकला, जीप घातली किंवा भिंत बांधली, तरी कागदावर कुणाचंच नुकसान होत नाही. हॅचरी ही अडचणीच्या काळातली सोय होती. तिच्या भरवशावर किनारे सोडून द्यायचे, हे कुठल्याही कासवमित्राच्या मनात नव्हतं.

आमच्याकडे वाळूच्या उंचवट्यावर मर्यादावेल पसरते. समुद्राची मर्यादा सांगणारी वेल, म्हणून ते नाव. भरतीच्या रेषेपासून या वेलीपर्यंतचा, किंवा तिच्या जरा आतला, कोरड्या वाळूचा पट्टा म्हणजे कासवांचं बाळंतघर. कधी तो वीस पावलांचा असतो, कधी पन्नास. दरवर्षीच्या पावसाळ्यात तो थोडा मागेपुढे होतो.

सरकारी नियमांची रेषा मात्र सरकत सरकत समुद्राकडे आली आहे. 2011 च्या सीआरझेड, म्हणजे किनारी क्षेत्रातल्या बांधकामांच्या नियमनाच्या, अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून 200 मीटर बांधकामाला मनाई होती. 2019 च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या गावांसाठी ती 50 मीटरवर आणली. तेवढी दाट वस्ती आमच्या बहुतेक गावांत नाही, हे खरं. पण पर्यटनाच्या 'तात्पुरत्या' सोयी भरतीरेषेपासून 10 मीटरवरही उभ्या राहू शकतात. हे दहा मीटर म्हणजे नेमका तोच पट्टा. शिवाय पर्यटनाचा हंगाम आणि अंडी घालण्याचा हंगाम एकच, नोव्हेंबर ते मार्च. त्यामुळे 'तात्पुरतं' या शब्दाने कासवाला काहीही दिलासा मिळत नाही.

याच अधिसूचनेत कासवांच्या विणीच्या जागांना सीआरझेड-1 अ, म्हणजे सर्वांत कडक संरक्षण दिलेलं आहे. कायदा आहे, प्रश्न नकाशाचा आहे. किनारा व्यवस्थापन आराखड्याच्या जनसुनावणीत मांडलेला आमच्या किनाऱ्याचा नकाशा मी पाहिला, तेव्हा दरवर्षी घरटी सापडणाऱ्या पट्ट्यावर सीआरझेड-1 अ ची खूणच नव्हती. कासवमित्राच्या वहीत मात्र प्रत्येक घरट्याची तारीख, जागा आणि अंड्यांची संख्या लिहिलेली असते. ही वही नकाशा काढणाऱ्याच्या टेबलावर कधी पोहोचलीच नाही.

दिव्यांचं वेगळं सांगायला हवं. वाळूतून बाहेर आलेलं पिल्लू क्षितिजाजवळच्या सर्वांत उजळ दिशेकडे धावतं. हजारो वर्षं ती दिशा समुद्राचीच होती. आता पांढऱ्या एलईडीचे खांब, रिसॉर्टचे झोत आणि रस्त्याचे दिवे त्याला उलट्या दिशेला ओढतात. पिल्लू सुरूच्या बनात भरकटतं, उजाडल्यावर कावळ्यांच्या तोंडी पडतं. मादीही उजेडाचा किनारा टाळते. रेवस-रेडी सागरी महामार्गाला माझा विरोध नाही. खाड्यांवर पूल नसल्याने माणसांना किती वळसे पडतात, ते आम्ही रोज भोगतो. पण हा रस्ता विणीच्या किनाऱ्यालगत येईल तिथे दिवे बुटके, पिवळसर-तांबूस आणि समुद्राच्या बाजूने झाकलेले असावेत, एवढी अट निविदेत घालणं अवघड नाही. हे दिवे बसवून झाल्यावर बदलायचे म्हटलं तर कुणीच बदलणार नाही.

आणि बंधारे. किनारा धुपतो, माडाच्या बागा जातात, लोक घाबरून भिंत मागतात. ती मागणी खोटी नाही. पण दगडी भिंतीवर आपटून परतणारी लाट समोरचीच वाळू ओढून नेते, आणि भिंत संपते तिथून धूप पुढच्या वाडीकडे सरकते. मग त्या वाडीलाही भिंत हवी होते. विणीच्या किनाऱ्यांवर आधी वाळूचे उंचवटे जपावेत, मर्यादावेल पुन्हा लावावी, सुरूची नवी लागवड थांबवावी. घरंच धोक्यात असतील तिथे भिंत अगदी शेवटी यावी, आणि तीही वाळूच्या पट्ट्यामागे.

माझी मुख्य मागणी एकच आहे. कासवमित्रांच्या वह्यांतल्या नोंदींवरून विणीचे सगळे पट्टे नकाशावर उतरवा. हॅचरीचा ठिपका नको, मादी वर येते तो पूर्ण पट्टा सीआरझेड-1 अ मध्ये दाखवा आणि सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणामार्फत आराखड्यात दुरुस्ती करून घ्या. तोवर या पट्ट्यांवर तात्पुरती परवानगीही देऊ नका आणि वाळूत गाड्या घालणाऱ्यांवर खरोखर कारवाई करा. घरगुती निवासाची सोय करून चार पैसे कमावणाऱ्या कुटुंबांचं यात काही जात नाही. त्यांच्याकडे पाहुणे येतात ते कासवं पाहायलाच.

वह्या गावोगाव आहेत, नकाशे आपल्या विभागाकडे आहेत. यंदाच्या नोव्हेंबरात पहिली मादी वर येण्याआधी दोन्ही एका टेबलावर आणा. कासवमित्र आपली वही घेऊन मुंबईला यायला तयार आहेत, त्यांना विचारूनच हे लिहिते आहे.

आपली,
रत्नागिरी जिल्ह्यातील एक किनारावासी