बाबा, पोस्टातले पैसे काढू नका

आई, बाबा,

फोनवर बोलायचं म्हटलं की बाबा लगेच स्पीकर चालू करतात, मग शेजारी काका बसलेले असले की ते मधेच विचारणार "आता किती लाख झाले गं?", आणि मला जे सांगायचं असतं ते राहूनच जातं. म्हणून हे एवढं मोठं टाइप करतेय. बाबा, चष्मा लावा आणि आईला वाचून दाखवा. काकांसमोर मात्र नको.

परवा तुम्ही म्हणालात, पोस्टातले १५ लाख काढतो, तू फ्लॅट बुक कर, भाड्यात किती दिवस पैसे घालणार, आणि फोन ठेवून दिला. मला हो-नाही म्हणायलाही वेळ दिला नाहीत. तर पहिलं तेच सांगते, ते पैसे काढू नका. फॉर्म आणून ठेवला असेल तर आईकडे द्या, ती चूल पेटवेल त्यावर.

बाबा, तुम्ही ३४ वर्षं एसटीत तिकिटं फाडलीत, कोणाचा एक रुपया कधी इकडचा तिकडे केला नाहीत, आणि पेन्शन किती येते तर २ हजार ७००. एवढ्यात आईच्या बीपीच्या आणि तुमच्या शुगरच्या गोळ्या तरी पूर्ण येतात का? घर चालतंय ते पोस्टातल्या त्या सीनियर सिटिझनच्या खात्यावर. ८.२ टक्क्यांनी दर तीन महिन्यांनी ३० हजार ७५० येतात, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, जानेवारी, १ तारखेला. तुम्ही त्या दिवशी पासबुक घेऊन पोस्टात जाता आणि येताना आईसाठी भेळ आणता हे मला माहितीय. आता मुदतीआधी मोडलं तर वरून १ टक्का कापतील, म्हणजे १५ हजार नुसते मोडायचे. आणि ते १५ लाख जाणार कुठे तर माझ्या डाऊन पेमेंटमध्ये, तेही एकटे पुरत नाहीत.

आता जे सांगतेय ते आधीच सांगायला पाहिजे होतं. ओरडू नका. मी फ्लॅट बुक केला होता. ऑगस्टमध्ये, इकडे पुण्यात मोशीला, टू बीएचके. आणि रद्दपण केला.

झालं असं की एका बिल्डरच्या ऑफिसातून फोन आला, मॅडम तुमचे आईबरोबरचे यूट्यूबचे व्हिडिओ आमच्या घरी सगळे बघतात, एकदा सॅम्पल फ्लॅट बघून जा. गेले. सॅम्पल फ्लॅट म्हणजे लग्नातला स्टेज असतो बघा, सगळं चकाचक, फ्रीजमध्ये प्लास्टिकची फळं. बेडरूममध्ये बेड मुद्दाम छोटा केलेला असतो, खोली मोठी दिसावी म्हणून, मी मोजला, पाय बाहेर येतात. पण किचनला पूर्वेची खिडकी होती, सकाळचं ऊन थेट ओट्यावर, आणि मला तिथे आई दिसली, चकलीचा सोऱ्या घेऊन. लाइट लावायची गरज नाही, बाबांना उजेडासाठी थर्माकोल धरून उभं राहायला नको. तिथेच फसले. १ लाख टोकन देऊन आले.

किंमत ७२ लाख. मग घरी येऊन कागद-पेन घेतला (तो आधी घ्यायचा असतो). बांधकाम चालू आहे म्हणून ५ टक्के जीएसटी, ३ लाख ६० हजार. बाईच्या नावावर घर असलं की स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सूट, म्हणून ७ च्या ऐवजी ६ टक्के, ते ४ लाख ३२ हजार. रजिस्ट्रेशन ३० हजार. म्हणजे ८० लाखांच्या वर गेलं आणि अजून एक पंखासुद्धा लागलेला नाही. एवढ्या किमतीच्या घराला बँक जास्तीत जास्त ८० टक्के देते, तेही ७२ वर, स्टॅम्प ड्युटी-जीएसटी आपल्याच खिशातून. माझ्या वाट्याला साधारण साडेबावीस लाख. माझ्याकडे ९ होते. उरलेल्या ५७ लाख ६० हजारांचा हप्ता साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी ५० हजार महिना. वीस वर्षांत बँकेला १ कोटी २० लाख जातात बाबा. मी तीनदा कॅल्क्युलेटर मारला.

तरी मी म्हटलं होईल, लोक करतातच की. बिल्डरचा माणूस म्हणत होता लोन होऊन जाईल मॅडम. बँकेत गेले तर साहेबांनी आधी विचारलं काय करता. म्हटलं यूट्यूब चॅनल आहे, आईबरोबर रेसिपी करते. ते हसले, त्यांच्या मिसेस बघतात म्हणे. मग आयटीआर, म्हणजे टॅक्सचा कागद, बघितला आणि हसणं थांबलं. गेल्या वर्षी माझ्याकडे सगळे मिळून ११ लाख आले होते. सीएने ४४एडीए की काय त्याच्याखाली निम्मं उत्पन्न दाखवलं, म्हणजे साडेपाच लाख, आणि तेव्हाच्या ७ लाखांच्या मर्यादेत असल्यामुळे टॅक्स शून्य. तेव्हा मी तुम्हाला फोन करून सांगितलं होतं ना, टॅक्स शून्य आला, पेढे आणा. आता बँकेला तोच कागद खरा. महिना ४६ हजार कमावणारी मुलगी, त्यातले निम्मे हप्त्याला धरले तर लोन मिळणार २६ लाख. ५७ पाहिजे होते.

आणि खरं सांगू का, साहेब चुकीचे नव्हते. तुम्हाला वाटतं मला महिन्याला ९०-९५ हजार मिळतात. सरासरी काढली तर मिळतात. पण पगार कसा, १ तारखेला तेवढाच. माझं तसं नाही. दिवाळीच्या महिन्यात फराळ चालतो, जाहिराती जास्त असतात, तेव्हा १ लाख ६० हजार आले. यंदा जूनमध्ये ३८ हजार. जानेवारीत तर दरवर्षी जाहिरातींचे दर आपटतात, व्ह्यूज तेवढेच असले तरी पैसे कमी. आणि यूट्यूबचे पैसे गूगलकडून येतात पुढच्या महिन्याच्या २१ तारखेनंतर. हप्ता मात्र ५ तारखेला कापला जाणार, त्याला अनारसे बिघडले की जमले याच्याशी काही घेणं नाही.

काकांना एकदा नीट समजावून सांगा प्लीज. आईच्या अनारशाच्या व्हिडिओला ११ लाख व्ह्यूज आहेत म्हणजे ११ लाख रुपये आले असं ते गावभर सांगतात. त्या व्हिडिओचे तीन वर्षांत मिळून ४६ हजार आलेत. हजार लोकांनी बघितलं तर चाळीस-बेचाळीस रुपये, मराठी रेसिपीला एवढंच. जाहिरातीतले १०० रुपये आले तर ५५ आपले, ४५ यूट्यूबचे. छोटे उभे व्हिडिओ असतात त्याचे तर चहालाही पुरत नाहीत. काकांमुळे मागच्या महिन्यात दोन जणांनी माझ्याकडे उसने मागितले, एकाने तर बोअर मारायला.

टोकनचं काय झालं ते राहिलं. लोन होत नाही कळल्यावर त्या ऑफिसातल्या मार्केटिंगवाल्याने नवीनच काढलं. म्हणाला ३ लाख कमी करतो, तुम्ही सहा रील करा. कुठले सहा, तर आई गावाकडच्या पत्र्याच्या स्वयंपाकघरातून निघते, मग गाडीतून उतरते, मग नव्या घरात माप ओलांडून आत येते आणि रडते. "रडल्या तर मस्त चालेल." आणि जाहिरात आहे असं लिहायचं नाही, नॅचरल वाटलं पाहिजे. २०२१ पासून नियम आहे, पैसे किंवा काही वस्तू घेतली असेल तर जाहिरात म्हणून स्पष्ट लिहायचं. पण ते सोडा. मी घरी येऊन रात्रभर विचार केला हे लाजेने सांगते. ३ लाख म्हणजे ३ लाख. मी मनात शॉटसुद्धा लावला, आई कुठून येईल, फोन कुठे ठेवायचा.

सकाळी आईचा फोन आला, म्हणाली पत्र्यावर माकडं नाचली रात्री, एक पत्रा सरकलाय, बाबा वर चढलेत, मी खालून शिव्या देतेय. मी हसले आणि मग मला कसंतरीच झालं. तो पत्रा मी विकणार होते ना. त्याच दिवशी रद्द केलं. १ लाखातले ८० हजार परत आले, दोन महिने खेटे घालून. २० हजार गेले. "ॲडमिन चार्ज" म्हणे.

आता आई, तुझं.

२०२० मध्ये पुण्याहून घरी आले होते तेव्हा तुला म्हटलं, तू कर, मी फोन धरते. तू म्हणालीस माझा चेहरा नको दाखवूस, नुसते हात दाखव. अजून सगळे व्हिडिओ तुझ्या हातांचेच आहेत. डाव्या अंगठ्याजवळचा भाजलेला डाग, तो तर लोक ओळखतात. फोन मसाल्याच्या डब्यांवर ठेवून वर वरवंटा ठेवायचो हलू नये म्हणून, आणि बाबा दारात उभे, पंखा बंद, गिरणी चालू झाली की "थांबा" आणि बंद झाली की टिंग टिंग, डबल बेल. ते टिंग टिंग मी अजून एडिटमध्ये कापत नाही. पैसे सुरू व्हायला लागतात ते हजार सबस्क्रायबर आणि लोकांनी बघितलेले ४ हजार तास व्हायला चौदा महिने लागले. गूगलचा पिन नंबरचा लिफाफा पोस्टाने आला तेव्हा बाबांना वाटलं कोर्टाची नोटीस आहे, दोन दिवस कपाटात लपवून ठेवला होता, आठवतंय?

तर गेल्या आठवड्यात मी बसून मोजलं. २१४ व्हिडिओ, त्यातले १८६ तुझे. पैसे सगळे माझ्या खात्यात. तुला काय दिलं मी? मिक्सर, दोन साड्या, आणि तो एअर फ्रायर ज्यात तू लसूण ठेवतेस. तुझं स्वतःचं खातं म्हणजे बचत गटासाठी काढलेलं. पॅनकार्डपण नाही. मला विचारतात तू काय करतेस तर मी सांगते क्रिएटर आहे, तुला विचारलं तर तू सांगतेस काही नाही, घरीच असते. मी घर घेईन म्हणताना "माझे पैसे, माझं घर" असं बोलत होते आणि बाबाही "तिचं घर" म्हणत होते. कोणालाच खटकलं नाही, मलाही नाही.

म्हणून सीएशी बोलले. पुढच्या महिन्यापासून चॅनलच्या कमाईतला तिसरा हिस्सा तुझ्या खात्यात जाणार, रीतसर, कागद करून. तुझा वेगळा आयटीआर भरायचा. "मला कशाला, मी काय करू पैशाचं" हे म्हणशील, ते मी ऐकून घेईन आणि पैसे टाकीन. गोळ्या आण, भिशी लाव, बाबांना उसने दे व्याजाने. याने लोन वाढणार नाही, दोघींचं मिळून तेवढंच होतं, ते मी विचारलं. दुसरं असं की आता निम्मं वगैरे न दाखवता जेवढं खरं उरतं तेवढं दाखवायचं. नव्या पद्धतीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंत टॅक्स लागत नाही, मग कमी दाखवून फायदा कोणाचा? असे दोन वर्षांचे कागद तयार झाले की मग बघू. तेव्हाही नवा टॉवर नको, जुन्या सोसायटीतलं रीसेल बघू, तयार घराला जीएसटी नाही. नाव दोघींचं. फक्त बायकांची नावं असली तरच ती १ टक्का सूट मिळते, तेव्हा बाबा, तुमचं नाव नाही, रागवू नका, नियमच तसा आहे.

तोपर्यंत १७ हजार भाडं. भाडं म्हणजे पैसे पाण्यात असं तुम्ही म्हणता. या हिशोबाने ५० हजारांच्या हप्त्यातले पहिल्या वर्षी ४० हजार तर व्याजच असतं, ते कुठे जातं मग? आणि आई, घर असलं की स्थळं चांगली येतात हे तू मावशीला बोललीस ते मला कळलंय. घर बघून येणाऱ्याला घरच द्यावं, मी कशाला.

दादाचं एक. तो काही बोलणार नाही, वहिनीपण नाही. पण ते १५ लाख मला दिले असते तर पुढच्या गणपतीत सगळे बसल्यावर पंगतीत एक काहीतरी झालं असतं, मीठ जास्त पडल्यासारखं. आजोबांनी आत्याच्या लग्नाला माळावरचा तुकडा विकला, त्यावरून बाबा आणि काका सहा वर्षं बोलत नव्हते. तुम्हीच सांगितलंय मला. एक एकर विकायचं जे बोललात, तेपण बंद. ज्वारी कुठून आणणार मग, मॉलमधून?

आता कामाचं. आईच्या आधारचा फोटो पाठवा, दोन्ही बाजू, आणि प्लीज बोट मधे येऊ देऊ नका. पॅनसाठी लागणार आहे. आधारवर आईचं नाव "शकुतला" छापलंय, अनुस्वार गेलाय, ते आधी दुरुस्त करावं लागेल, नाहीतर पुढे बँकेत नाव जुळणार नाही. तालुक्याला सेंटर सकाळी दहाला उघडतं, नऊला जाऊन नंबर लावा. आई, जाताना डोक्यावरून पदर घेऊ नकोस, फोटो परत काढला तर चेहरा नीट दिसू दे.

मी भोगीला येतेय. भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी, दोन्ही एकाच व्हिडिओत करू, हुरडा मिळाला तर तोपण. बाबा, पत्रा नीट बसवला का? परत वर चढू नका, गडी बोलवा, पैसे मी देते. म्हणजे आई देईल.

तुमची,
छकुली