आधी रात्री मोज

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

युरोपच्या प्रवासाचा तू पाठवलेला आराखडा सावकाश वाचला. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात निघायचे, हे तू योग्य ठरवले आहेस. उन्हाळी सुट्ट्यांची गर्दी तोवर बरीच ओसरलेली असते, दिवस अजून पुरेसा मोठा असतो, आणि रोममध्ये भर दुपारी फोरमच्या उघड्या अवशेषांतून हिंडणे जुलैइतके असह्य होत नाही. माझा आक्षेप आहे तो शहरांच्या यादीवर. रोम, फ्लॉरेन्स, पिसा, व्हेनिस, मिलान, लुसर्न, म्युनिक, साल्झबर्ग, व्हिएन्ना, बुडापेस्ट, प्राग, बर्लिन, ॲमस्टरडॅम, ब्रुसेल्स, पॅरिस आणि बार्सिलोना ही १६ शहरे तू ३० रात्रींत बसवली आहेस, म्हणजे एका शहराच्या वाट्याला सरासरी दोन रात्रीही येत नाहीत.

शहर बदलण्याचा दिवस कागदावर तीन तासांचा दिसतो, कारण आपण फक्त गाडीचा वेळ धरतो. प्रत्यक्षात सकाळी दहा-अकराच्या सुमारास खोली सोडावी लागते आणि पुढच्या गावची खोली बहुतेक ठिकाणी दुपारी दोन-तीनच्या आधी हाती येत नाही. मधल्या वेळात सामान ओढत स्थानक गाठणे, फलाट शोधणे, उतरल्यावर नव्या शहराची ट्राम किंवा मेट्रो समजून घेणे आणि जेवण उरकणे हे सगळे असते, आणि संध्याकाळी पाय मोकळे करण्यापलीकडे फारसे काही होत नाही. असे १५ दिवस तुझ्या यादीत आहेत. महिन्याचा अर्धा भाग स्थानकांवर आणि हॉटेलांच्या स्वागतकक्षांत घालवण्यासाठी कोणी एवढ्या लांब जात नाही. म्हणून तुम्ही दोघा मित्रांनी आधी रात्री मोजाव्यात आणि मग त्या शहरांना वाटून द्याव्यात, असे मला वाटते.

मी केलेली वाटणी अशी आहे. रोममध्ये पाच रात्री, फ्लॉरेन्समध्ये चार, व्हेनिसमध्ये तीन, व्हिएन्नात चार, प्रागमध्ये चार, बर्लिनमध्ये दोन, ॲमस्टरडॅममध्ये तीन आणि शेवटी पॅरिसमध्ये पाच, अशा एकूण ३० रात्री होतात. विमानाचे तिकीट रोमला उतरणारे आणि पॅरिसहून परत येणारे काढ. केवळ परतीचे विमान पकडण्यासाठी पुन्हा रोमला येण्यात एक दिवस आणि प्रवासाचा खर्च वाया जातो, आणि जाण्यायेण्याची शहरे वेगळी असली तरी भाडे प्रत्येक वेळी वाढतेच असे नाही. या वाटेवर शहर सात वेळा बदलावे लागते आणि प्रत्येक वेळी थेट किंवा जवळजवळ थेट रेल्वे मिळते. एकदा आलेल्या रस्त्याने मागे फिरावे लागत नाही.

गाळलेल्या शहरांचे तुला वाईट वाटेल, पण त्यातले पिसा खरे तर गळलेलेच नाही. फ्लॉरेन्सहून साध्या प्रादेशिक गाडीने तासाभरात तिथे जाता येते, तेव्हा सकाळी निघून दुपारी परत यावे. मुक्कामाची गरज नाही. बार्सिलोना या वाटेपासून फार बाजूला आहे. १८८२ पासून बांधले जात असलेले साग्रादा फामिलिया हे चर्च पाहायचे तर स्पेनसाठी वेगळा प्रवास करावा आणि त्यात ग्रॅनडाचा अल्हाम्ब्रा राजवाडाही घ्यावा. स्वित्झर्लंडला दोन रात्रींसाठी जाणे म्हणजे त्या दोन दिवसांत डोंगरांवर ढग नसतील अशा आशेवर बराच पैसा लावणे आहे. बुडापेस्ट व्हिएन्नाहून अडीच-पावणेतीन तासांवर असल्याने मोह होतो हे मी समजू शकते, परंतु एका दिवसात जाऊन येण्यासारखे ते शहर नाही. ते घ्यायचेच असेल तर बर्लिनच्या दोन रात्री तिकडे वळव आणि प्रागहून ॲमस्टरडॅमला जाण्याचा दिवस लांब होईल हे गृहीत धर. लंडनचा विचार तुझ्या पत्राच्या शेवटच्या ओळीत डोकावतो, तो मात्र आत्ताच बाजूला ठेव, कारण ब्रिटन शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही आणि त्याचा व्हिसा संपूर्णपणे वेगळा काढावा लागतो.

व्हिसाविषयी थोडे सविस्तर लिहिते. १९८५ साली लक्झेंबर्गमधील शेंगेन या मोझेल नदीकाठच्या छोट्या गावी ज्या करारावर सह्या झाल्या, त्याच्या क्षेत्रात आज २९ देश आहेत, आणि एका अल्पमुदतीच्या व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस त्या सर्वांत फिरता येते. अर्ज कोणत्या देशाकडे करायचा हे मात्र आपल्या सोयीवर सोडलेले नाही. ज्या देशात मुक्काम सर्वांत जास्त, त्याच देशाकडे तो करावा लागतो, आणि मुक्काम सारखेच असतील तर जिथून प्रथम प्रवेश करणार त्या देशाकडे. माझ्या वाटणीत इटलीत १२ रात्री आहेत, फ्रान्समध्ये पाच आहेत आणि प्रवेशही रोममधूनच आहे, म्हणून अर्ज इटलीकडेच जायला हवा. दुसऱ्या एका देशाची अपॉइंटमेंट लवकर मिळते म्हणून तिकडे अर्ज करण्याचे तू लिहिले आहेस, पण कागदांतील मुक्काम आणि अर्जाचा देश जुळला नाही तर तो अर्ज परत येण्याची किंवा नाकारला जाण्याचीच शक्यता जास्त. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निर्णयाला साधारणपणे १५ दिवस लागतात, पण चौकशी वाढली तर ४५ दिवसांपर्यंत जाऊ शकतात. शुल्क ९० युरो आहे. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा आणि संपूर्ण मुदतीचा असला पाहिजे, तर पारपत्र गेल्या दहा वर्षांत दिलेले असून परत निघण्याच्या तारखेनंतर निदान तीन महिने वैध असले पाहिजे. तुझ्या मित्राचे पारपत्र जुने आहे असे तू म्हणाला होतास, तेव्हा त्याने तारीख आजच पाहावी.

याच कारणामुळे पैसे कोणत्या क्रमाने खर्च करायचे हेही ठरते. व्हिसा हातात येईपर्यंत हॉटेले रद्द करता येतील अशीच राखून ठेवावीत, आणि परतावा न मिळणारी स्वस्त रेल्वे तिकिटे त्यानंतरच काढावीत. मात्र अर्ज उशिरा केला तर व्हिसाची वाट पाहता पाहता स्वस्त तिकिटे संपतात, म्हणून मे महिन्याच्या आतच अर्जाला लाग.

रेल्वेच्या पासाबद्दल माझे मत तुझ्यापेक्षा वेगळे आहे. युरेल पास ३३ देशांत चालतो, आणि महिन्याभरात सात दिवस प्रवास करण्याचा पास आपल्या सात प्रवासांना अगदी मापाने बेतल्यासारखा दिसतो. परंतु इटलीतील वेगवान गाड्यांत आणि ॲमस्टरडॅम ते पॅरिसच्या युरोस्टारमध्ये पास असूनही जागेचे आरक्षण वेगळे पैसे देऊन करावे लागते, आणि रोम ते फ्लॉरेन्स या दीड तासाच्या प्रवासावर पासाचा एक दिवस खर्च करणे मला पटत नाही. ज्यांना सकाळी उठून कुठे जायचे ते ठरवायचे असते, त्यांच्यासाठी पास उत्तम. तुमच्या तारखा ठरलेल्या असतील, तर प्रत्येक तिकीट त्या त्या देशाच्या रेल्वेकडून आगाऊ काढणे बहुधा स्वस्त पडेल. तरीही दोन्ही हिशेब कागदावर मांडून पाहा, आणि त्यात २७ वर्षांपर्यंतच्या प्रवाशांना मिळणारी सवलत धरायला विसरू नकोस.

व्हेनिस ते व्हिएन्ना हा टप्पा तू रात्रीच्या गाडीने ठरवला आहेस. एका रात्रीचे हॉटेल वाचते हे खरे, पण त्या गाडीने जाणाऱ्या प्रवाशाला ऑस्ट्रियातील सेमरिंगचा घाट पाहायला मिळत नाही. कार्ल फॉन गेगा याने १८४८ ते १८५४ या काळात कमानींच्या पुलांवरून आणि बोगद्यांतून आल्प्समध्ये ही रेल्वेची वाट काढली आणि १९९८ मध्ये तिची जागतिक वारसा म्हणून नोंद झाली. यासाठी दिवसाची गाडी घ्यावी, आणि त्या दिवशी दुसरे काहीही ठरवू नये. प्रागहून बर्लिनला जाताना उजव्या बाजूची खिडकी मिळव, कारण गाडी बराच वेळ आधी व्ल्टावा आणि मग एल्बे नदीच्या काठाने जाते आणि सरहद्दीच्या आसपास वाळूच्या दगडांचे उंच कडे दिसतात. बर्लिन ते ॲमस्टरडॅमच्या दिवशी संध्याकाळचे कोणतेही वेळ बांधलेले तिकीट काढू नकोस. २०२४ साली जर्मनीच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी साधारण ६२ टक्केच वेळेवर पोहोचल्या, आणि ही आकडेवारी त्यांच्याच रेल्वेची आहे.

संग्रहालयांच्या बाबतीत साप्ताहिक सुट्ट्यांनी पुष्कळांची फसगत होते. पॅरिसचे लूव्र मंगळवारी बंद असते, तिथलेच ऑर्से सोमवारी, फ्लॉरेन्सचे उफिझी सोमवारी, आणि व्हॅटिकनची संग्रहालये महिन्याचा शेवटचा रविवार सोडला तर रविवारी. त्या शेवटच्या रविवारी प्रवेश विनामूल्य असतो, आणि नेमक्या त्याच कारणाने तो दिवस टाळावा. ॲमस्टरडॅममधील ॲन फ्रँकच्या घराची तिकिटे दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरच्या तारखांसाठी खुली होतात आणि ती फक्त ऑनलाइन मिळतात, तेव्हा त्या मंगळवारची नोंद दिनदर्शिकेत आतापासून करून ठेव. २८ सप्टेंबरला चेक प्रजासत्ताकात आणि ३ ऑक्टोबरला जर्मनीत राष्ट्रीय सुट्टी असते. त्या दिवशी दुकानांवर अवलंबून राहू नये. बर्लिनमधील पर्गामॉन संग्रहालय दुरुस्तीसाठी बंद आहे, हेही मी त्या शहराला दोनच रात्री देण्यामागचे एक कारण आहे.

दिवसाला एकच मोठे संग्रहालय आणि तेही सकाळी, एवढा नियम पाळलास तरी पुरे. दुपारनंतर डोळे पाहतात आणि मन काही घेत नाही. रोममध्ये दुपारी चर्चमध्ये जावे. सान लुइजी देइ फ्रान्चेझी या चर्चमध्ये संत मॅथ्यूच्या जीवनावरील कारावाज्जोची तीन चित्रे ज्या भिंतींसाठी काढली गेली त्याच भिंतींवर आहेत, आणि ती पाहायला तिकीट लागत नाही. व्हेनिसमध्ये फ्रारी चर्चच्या मुख्य वेदीवर तिशियनचे १५१८ सालचे भव्य चित्र अजूनही आपल्या मूळ जागी आहे. संग्रहालयात एकाच भिंतीवर दहा चित्रे ओळीने पाहणे आणि चित्रकाराने ज्या उजेडाचा अंदाज घेऊन चित्र रंगवले तिथेच उभे राहून ते पाहणे, यांतला फरक तुला तिथे आपोआप कळेल. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे मात्र अंगावर असावेत, आणि पुष्कळ चर्चे दुपारी काही तास बंद असतात हे ध्यानात ठेवावे.

व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस संग्रहालयासाठी एक पूर्ण सकाळ मोकळी ठेव, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. थोरल्या पीटर ब्रुगेलच्या चित्रांचा जगातील सर्वांत मोठा संग्रह तिथे आहे. १५६३ सालच्या बाबेलच्या मनोऱ्याच्या चित्रात शेकडो बारीक माणसे दगड चढवताना, चुना कालवताना आणि यारी फिरवताना दिसतात. मनोरा वर चढत असतानाच एका बाजूने खचतो आहे, हे बराच वेळ पाहिल्यावर लक्षात येते. १५६५ सालच्या ‘बर्फातील शिकारी’ या चित्रासमोर बाकावर बसून राहा. व्हिएन्नाच्या चार रात्रींपैकी निदान एक मी मनातल्या मनात या दालनासाठीच धरली आहे, आणि त्याबद्दल तू वाद घातलास तरी मी हटणार नाही.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगते. व्हेनिसमध्ये राहायचे तर थोडे जास्त पैसे देऊन बेटावरच राहावे, कारण दिवसाचे पाहुणे संध्याकाळी परतल्यावर ते शहर खरे पाहायला मिळते; मात्र तिथल्या जवळजवळ प्रत्येक पुलाला पायऱ्या आहेत, म्हणून सामान स्वतःला उचलता येईल एवढेच असावे. या संपूर्ण वाटेवर युरो चालतो, अपवाद फक्त प्रागचा, तिथे कोरुना लागते. कार्डाने पैसे देताना यंत्राने रुपयांत रक्कम दाखवली तर ती नाकारून स्थानिक चलनच निवडावे. बहुतेक शहरांत हॉटेलच्या भाड्याखेरीज शहराचा कर वेगळा द्यावा लागतो, तो अंदाजपत्रकात धर. रोमला उतरल्यावर सरहद्दीवर छायाचित्र घेतले जाते आणि बोटांचे ठसे व्हिसासाठी दिलेल्या ठशांशी ताडून पाहिले जातात. ही पद्धत १२ ऑक्टोबर २०२५ पासून लागू होऊ लागली असून रांगा लांबू शकतात, म्हणून पहिल्या दिवसासाठी कोणतेही तिकीट काढू नये. संकटात या वाटेवरील कोणत्याही देशातून ११२ हा क्रमांक लावता येतो. आणि दर आठवड्याला एक दिवस काहीही न ठरवता ठेवा, कारण कपडे धुण्याला, पावसाला आणि क्वचित तापालाही जागा लागते.

तुमचे दोघांचे बोलणे झाले की नवा तक्ता मला पाठव, आणि त्यात शहरांच्या नावांपुढे वारही लिही, म्हणजे सोमवार-मंगळवारचा घोळ मला इथूनच तपासता येईल. बर्लिन ठेवायचे की बुडापेस्ट घ्यायचे, हे तुम्हीच ठरवा. मात्र इटलीकडे अर्ज जाण्याआधी ठरवा, कारण अर्जासोबत हॉटेलांची कागदपत्रे त्या तारखांचीच द्यावी लागतील.

तुझी,
आई