दरवाजा डाव्या हाताने उघडा

महोदय,

गेल्या सोमवारी सकाळी कर्वे रस्त्यावर उभ्या मोटारीचा दरवाजा माझ्या सायकलसमोर अचानक उघडला. ब्रेक दाबला, चाक घसरले, कोपर सोलवटले. मागची बस वेळेत थांबली म्हणून हे पत्र लिहू शकतोय. मोटारवाल्या काकांनीच मला उठवले, पाणी दिले. आरशात पाहायचे तेवढे राहून गेले होते.

यावर बिनखर्चाचा उपाय आहे. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. त्याने दरवाजा डाव्या हाताने उघडला की अंग आपोआप वळते आणि मागून येणारा दिसतो. नेदरलँड्समध्ये ही सवय रुजली आहे. आपल्या ड्रायव्हिंग स्कूलनी ती पहिल्याच दिवशी लावावी.

आम्हा सायकलवाल्यांचेही चुकते. उलट्या दिशेने येणारे, सिग्नल तोडणारे रोज दिसतात. अंधारात दिव्याशिवाय निघणे तर फारच धोक्याचे. ताशी 40 किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात 11 मीटर पुढे येते. काळ्या कपड्यांतला सायकलस्वार तिच्या चालकाला दिसणार कधी? मागे लाल दिवा हवाच, आणि उभ्या गाड्यांपासून दरवाजाभर अंतरही.

पुणे एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. आज सायकल ट्रॅकवर दुचाक्या उभ्या असतात आणि शाळकरी मुले दप्तरासह बसच्या शेजारून सायकल हाणतात. निदान शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी तरी हे पार्किंग रोज हटवावे, ही कळकळीची विनंती.

– एक सायकलस्वार, कोथरूड, पुणे