अपक्षांना रोखण्याआधी रिंगण सर्वांसाठी सारखे करा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

लोकसभा निवडणुकीतील उमेदवारांची गर्दी कमी करण्यासाठी अनामत रक्कम वाढवावी किंवा अपक्षांना उभे राहण्यासच मनाई करावी, अशी सूचना अधूनमधून होत असते. मार्च २०१५ मध्ये सादर झालेल्या विधी आयोगाच्या २५५व्या अहवालातही अपक्षांना लढण्यास मज्जाव करण्याची शिफारस होती, त्यामुळे ही केवळ पारावरची चर्चा आहे असे समजून सोडून देता येत नाही. हातकणंगले मतदारसंघातील एक ऊस उत्पादक मतदार या नात्याने मी या सूचनेला ठाम विरोध नोंदवतो. मोठ्या पक्षाचे पाठबळ आणि घराण्याचे नाव नसलेला माणूस दिल्लीपर्यंत पोहोचू शकतो, हे आम्ही इथे प्रत्यक्ष पाहिले आहे.

२००९ साली, मतदारसंघांच्या फेररचनेनंतर जुन्या इचलकरंजीच्या जागी हातकणंगले मतदारसंघ आला, तेव्हा पहिल्याच निवडणुकीत श्री. राजू शेट्टी उभे राहिले. समोर राष्ट्रवादी काँग्रेसच्या विद्यमान खासदार श्रीमती निवेदिता माने होत्या आणि त्यांचे सासरे बाळासाहेब माने यांनीही पूर्वी याच भागाचे लोकसभेत प्रतिनिधित्व केले होते. शेट्टी यांच्यामागे साखर कारखाना नव्हता, शिक्षणसंस्था नव्हती, जिल्हा बँकही नव्हती. ऊसदराच्या आंदोलनांतून उभी राहिलेली संघटना, जिल्हा परिषदेतील काम आणि २००४ साली शिरोळमधून मिळालेली आमदारकी एवढीच त्यांची शिदोरी होती. ‘एक नोट, एक व्होट’ हे आवाहन त्या प्रचारात गावोगाव पोहोचले. आमच्या गावच्या सभेत उपरणे पसरले गेले, तेव्हा ज्यांचे कारखान्याकडील बिल अजून जमा झालेले नव्हते अशा लोकांनीही त्यात दहा-वीस रुपये टाकले. मीही शंभराची नोट टाकली. ती निवडणूक त्यांनी सुमारे ९५ हजार मतांनी जिंकली.

त्या शंभर रुपयांचे मोल मला निकालानंतर अधिक कळले. ज्याने उमेदवाराकडून पैसे घेतले, त्याला पुढे पाच वर्षे प्रश्न विचारण्याचे तोंड राहत नाही; ज्याने उमेदवाराला पैसे दिले, तो हक्काने विचारतो. २०१४ मध्ये शेट्टी भाजपप्रणीत आघाडीबरोबर गेले, २०१७ मध्ये त्यातून बाहेर पडले आणि २०१९ मध्ये काँग्रेस-राष्ट्रवादीच्या सोबतीने लढले, तेव्हा प्रत्येक वळणावर आमच्या भागातील साध्या शेतकऱ्यांनी त्यांना बांधावर अडवून जाब विचारला. यातील काही निर्णय मलाही पटले नाहीत. २०१९ मध्ये श्रीमती माने यांचे पुत्र धैर्यशील माने यांच्याकडून ते पराभूत झाले आणि २०२४ मध्ये स्वबळावर लढताना तिसऱ्या क्रमांकावर राहिले. मतदारांनी निवडले आणि मतदारांनीच पाडले, याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार आहे ती असा दुसरा माणूस उभाच राहू नये अशा रीतीने बदलत गेलेल्या नियमांविषयी.

१९९६ च्या लोकसभा निवडणुकीत नलगोंडा येथे ४८०, तर बेळगाव येथे ४५६ उमेदवार उभे होते. नलगोंड्याच्या लोकांना फ्लोराइडयुक्त पाण्याकडे आणि बेळगावच्या मराठी माणसांना सीमाप्रश्नाकडे देशाचे लक्ष वेधायचे होते. त्यांचे गाऱ्हाणे ऐकण्याऐवजी त्याच वर्षी कायदा दुरुस्त झाला. अनामत ५०० रुपयांवरून १०,००० वर गेली, मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरे असताना इतरांना दहा सूचक आवश्यक झाले, आणि अर्ज माघारीची अंतिम तारीख व मतदान यांमधील किमान कालावधी २० दिवसांवरून १४ दिवसांवर आला. पुढे २०१० पासून अनामत २५,००० रुपये झाली. (अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना ती निम्मी आहे.)

यातील सर्वांत जाचक बदल पैशांचा नसून दिवसांचा आहे. मोठ्या पक्षाचे चिन्ह लोकांना पिढ्यानपिढ्या पाठ असते, पण अपक्षाला चिन्ह मिळते ते माघारीची मुदत संपल्यावर. त्यानंतर जेमतेम दोन आठवड्यांत त्याने शाहूवाडीच्या डोंगरकपारीतील वाड्यांपासून शिराळा, इस्लामपूर, इचलकरंजी आणि शिरोळच्या नदीकाठापर्यंत सहा विधानसभा मतदारसंघांत ते चिन्ह पोहोचवायचे. एप्रिलच्या उन्हात हे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना मी रात्री घरी जेवायला वाढले आहे. त्यांच्या पायांची अवस्था मला आठवते. मतदानयंत्रावरही आधी मान्यताप्राप्त पक्ष, मग इतर नोंदणीकृत पक्ष आणि शेवटी अपक्ष, असाच क्रम असतो.

खर्चाच्या मर्यादेचे तेच. महाराष्ट्रात लोकसभेच्या उमेदवाराला २०२२ पासून ९५ लाख रुपयांची मर्यादा आहे, परंतु पक्षाने स्वतः करायच्या खर्चाला कोणतीही मर्यादा नाही. मान्यताप्राप्त पक्षाला ४० तारांकित प्रचारक नेमता येतात आणि त्यांच्या हेलिकॉप्टरचा प्रवासखर्च उमेदवाराच्या हिशेबात धरला जात नाही. अपक्षाला मात्र प्रचाराच्या प्रत्येक जीपचे डिझेल स्वतःच्या खात्यावर दाखवावे लागते. नोंदणीकृत पक्षाला धनादेशाने देणगी दिल्यास देणगीदाराला प्राप्तिकरात वजावट मिळू शकते, अपक्षाला दिलेल्या देणगीवर ती मिळत नाही. मतदाराने आपल्या कमाईतून उमेदवार उभा करावा असे आपल्याला खरोखर वाटत असेल, तर हा भेद कोणत्या तत्त्वावर टिकतो, हे मला समजलेले नाही.

२०२४ मध्ये सात अपक्ष लोकसभेवर निवडून आले, मग वाट बंद कुठे आहे, असे कोणी म्हणेल. १९५७ मध्ये ही संख्या ४२ होती. शिवाय आमच्या शेजारच्या सांगलीतून अपक्ष म्हणून विजयी झालेले श्री. विशाल पाटील हे वसंतदादांचे नातू आहेत. त्यांच्या विजयाचा मी आदर करतो, पण ज्याचे आडनाव कोणालाच माहीत नाही अशा ग्रामसेवकाच्या किंवा ऊसतोड मजुराच्या मुलीला त्या विजयातून काय आधार मिळणार?

म्हणून माझी मागणी अशी आहे की अनामत आणखी वाढवू नये, प्रचाराचे २० दिवस परत द्यावेत आणि पक्षांच्या खर्चालाही मर्यादा घालावी. याच्या जोडीला आपल्या वृत्तपत्राकडे एक विनंती आहे. निकालाच्या कोष्टकात दोन-तीन प्रमुख उमेदवारांची मते छापून बाकी सर्वांना ‘इतर’ या एका रकान्यात टाकले जाते. येत्या निवडणुकीत आपल्या जिल्हा आवृत्तीने प्रत्येक उमेदवाराचे नाव, त्याच्या शपथपत्रातील मुख्य माहिती आणि त्याला मिळालेली मते एकदा तरी पूर्ण छापावीत. जागेची अडचण असल्यास वाचकांच्या पत्रांचा त्या दिवशीचा रकाना त्यासाठी वापरावा. आम्हा पत्रलेखकांची हरकत नसेल, असे मला वाटते.

आपला विश्वासू,
एक ऊस उत्पादक मतदार,
ता. शिरोळ, जि. कोल्हापूर