मंचावर न आलेल्यांचे आभार

कला-इतिहासाच्या अध्यापनातून निवृत्त होताना शाल-श्रीफळ मिळालं, भाषणं झाली. त्या मंचावर ज्यांना बसवता आलं नाही, त्यांचे आभार इथे मनापासून मानते.

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या पहारेकऱ्यांनो, माझे विद्यार्थी पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर घाई करायचे तेव्हा तुम्ही त्यांना थांबवायचात, डोळे अंधाराला सरावू द्यायला सांगायचात. रंग हळूहळू कसे उलगडतात, हे मुलं तिथेच शिकली.

डहाणू-जव्हारकडच्या वारली मावशी, आत्या, आज्या! लग्नघरी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, लिहिताना तुम्ही आम्हाला शेजारी बसू दिलंत. चौकातली लग्नाची देवी पालघट, आधी काय रेखायचं, लग्न लावणारी धवलेरी कधी गाते, सगळं न कंटाळता सांगितलंत. वर्गात मी वारली कलेवर जे काही बोलले त्यातलं खरं मोलाचं तुमच्याकडून आलेलं आहे, आणि ते मी माझं म्हणून मिरवू शकत नाही. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकर कलावंतांचंही तसंच. चित्रकथीची, म्हणजे चित्रं दाखवत गायच्या कथांची, पोथी त्यांनी शाळकरी पोरांसमोर उघडली, गाऊन दाखवली, हाताळूही दिली.

शाळा सुटल्यावर एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांना थांबवून घेणारे चित्रकला शिक्षक, रविवारच्या व्याख्यानांसाठी सभागृह उघडणारे शिपाई, सतरंज्या घालणारे स्वयंसेवक, पत्नीसह दर वेळी पुढच्या रांगेत येऊन अवघड प्रश्न विचारणारे ते निवृत्त गिरणी कामगार: तुम्हा सगळ्यांची मी ऋणी आहे. व्याख्यानं पुढेही चालू राहतील. जरूर या.